दोन वाजताची सुट्टी

“आवडतं, चालेल की नको, एवढंच सांगा,” मी फोनवर दुसऱ्यांदा म्हणाले. पलीकडे बिडकीनच्या संगीताताई होत्या.

आमच्या एफएम स्टेशनवर मी म्युझिक मॅनेजर होते. कोणतं गाणं कधी लागणार आणि दिवसातून किती वेळा, हे ठरवायचं माझं काम. त्यासाठी आम्ही श्रोत्यांना फोन करायचो. गाण्यातला ओळखीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि मत लिहून घ्यायचं. त्या तुकड्याला ‘हुक’ म्हणतात.

संगीताताई मत देईनात.

“ते नंतर सांगते ताई. आधी सांगा, दोनचा कार्यक्रम बंद होणार व्हय?”

बातमी फुटली होती. दुपारी दोन ते तीन आमचा आरजे नसीम जुनी गाणी लावायचा, बोलायचा अर्धं मराठी, अर्धं दख्खनी. स्टेशन सुरू झालं तेव्हापासूनचा हा तास. सुरुवातीला आमचे सगळेच कार्यक्रम इथलेच होते. मग एकेका कार्यक्रमाच्या जागी मुंबईहून तयार माल यायला लागला. हा एक तास तेवढा उरला होता, आणि सोमवारपासून तोही जाणार होता. नसीम माइकवर फक्त “अब कित्ते दिन, मालूम नै” असं म्हणाला होता. श्रोत्यांना तेवढं पुरलं.

एवढा आवडतो का कार्यक्रम, असं मी विचारलं. तर त्यांनी वेगळंच सांगितलं. त्या युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये कामाला होत्या. बारा बायका, बारा मशिनी. जेवणाच्या सुट्टीवरून मालकाशी रोज वाद व्हायचा. भिंतीवरचं घड्याळ कायम मागं असायचं.

“मग ठरलं, नसीमभाईचा आवाज आला की मशिनी बंद. रेडिओ काय मागं राहत नाय.”

मी फोन ठेवला आणि आमचा फॉर्म बघितला. त्यावर संगीताताई म्हणजे एक श्रोता. बाकीच्या अकराजणी कुठंच नव्हत्या.

मुंबईच्या प्रोग्रॅमिंग हेडना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. बारा बायकांचं मार्केट होत नाही, म्हणाले. मग आमच्या श्रोत्यांच्या यादीतल्या सगळ्यांना मी पुन्हा फोन केले आणि रेडिओ कुठं लागतो, ऐकतं कोण, एवढंच विचारलं. वेरूळच्या एका हॉटेलात अख्खं स्वयंपाकघर ऐकत होतं. एका सलूनमध्ये नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं. ही सगळी माणसं लिहून हेडना पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. शनिवारी त्यांचाच फोन आला.

“अर्धा तास ठेवा मॅडम. दोन ते अडीच. याहून जास्त जमणार नाही.”

मी बरंच भांडले, पण ते हलले नाहीत. नसीम खूश झाला. मला मात्र लागून राहिलं, कार्यक्रमाबरोबर आता त्या बायकांची सुट्टीही निम्मी होणार. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून सुट्टीच्या वेळी बिडकीनला गेले. बाराजणी डबे उघडून बसल्या होत्या. मी माफी मागितली.

संगीताताईंनी माझ्यापुढं भाकरी सरकवली.

“आमची सुट्टी अर्ध्याच तासाची हाय ताई. अडीचला मशिनी चालू झाल्या की आवाजात काय बी ऐकू येत नाय.”

तेव्हापासून ज्यांच्यासाठी भांडायचं, त्यांनाच मी आधी विचारते, नेमकं किती हवंय.