डाव्या विंगखालची डमी

साकीनाक्याचं पोस्टिंग मिळालं तेव्हा घाटकोपरच्या शेजाऱ्यांना वाटलं, हवाई दलाने मला घरी बसवलं. मी आर्मामेंटचा, म्हणजे शस्त्रास्त्र विभागाचा सार्जंट. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये क्षेपणास्त्राचे पंख बनत होते, ते तपासून घेणं माझं काम.

शत्रूचं विमान नजरेस पडायच्या आत त्याला गाठेल, असं क्षेपणास्त्र देशातच बनवायचं होतं. ऐंशीच्या दशकात ते स्वप्न फार दूर होतं. आमच्याकडे फक्त डमी होती, हेच पंख लावलेली. खऱ्या क्षेपणास्त्राएवढीच लांब, तेवढीच जड, आत स्फोटक नाही. लढाऊ विमानाच्या विंगखाली ती नीट राहते का, एवढंच बघायचं होतं.

वर्कशॉपचे फोरमन परबकाका पूर्वी गिरणीत फिटर होते. ट्रायलचा पायलट फ्लाइट लेफ्टनंट सामंत कांदिवलीचा. सुट्टीत वर्कशॉपवर आला आणि थेट मालवणीत म्हणाला, "काका, पंख घट्ट बसयलात मां?"

"बसयले. तू सांभाळून ने."

ट्रायलच्या सकाळी मी एअरबेसवर, टॉवरमध्ये होतो. वेग वाढवल्यावर सामंतचा आवाज आला. "लेफ्ट विंग जोरात हादरतेय."

"डमी सोडा," टॉवरमधला कंट्रोलर म्हणाला.

"निगेटिव्ह. खाली गाव आहे. नदीपलीकडे सोडतो."

त्याने तसंच केलं. डमी मोकळ्या माळावर पडली. तोवर विंगला तडा गेला होता. सामंत सीटसकट इजेक्ट झाला, पण विमान फार खाली आलं होतं. पॅराशूट उघडलं नाही.

चौकशी संपल्यावर मी साकीनाक्याला गेलो. परबकाकांनी लेथ बंद केला.

"आमच्या पंखांमुळे?"

"नाही काका. पंख जागेवर होते. त्या वेगात एवढी लांब डमी विंगला झेपली नाही. डिझाइन बदलतायत."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "नवे पंख करूया. पण आधी त्याच्या आईकडे जाऊन येऊ."

आम्ही कांदिवलीला गेलो. नंतरही जात राहिलो. नवी डमी उडाली, त्या आठवड्यातही गेलो.

"तुमचं ते उडालं काय?" सामंतच्या आईने विचारलं.

"उडालं, काकू."

"आणि चालवणारा?"

"सुखरूप उतरला."

त्यांनी पदराने डोळे टिपले. "त्याचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. त्या उठल्या, देवासमोर दिवा लावला. त्याच्या नावाने एकदा हात जोडले, मग आपल्या मुलाच्या फोटोसमोर.