मिरच्या काळ्या होईस्तोवर

आमच्या घरी फोडणी जमली की नाही हे शेजारीण ठरवते. ती भिंतीपलीकडून खोकली की समजायचं, मिरच्या नीट जळल्या. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात राबून यायची आणि चुलीवर अशीच फोडणी द्यायची. लाल मिरच्या तेलात काळ्या होईस्तोवर ठेवायच्या, मग वरणावर ओतायच्या. मी मास्तरीण झाले, इकडे तेलुगू मुलखात गुडीहत्नूरला हायवेजवळ घर बांधलं, चुलीच्या जागी गॅस आला, पण फोडणी तीच राहिली.

मुलीला मात्र मी स्वयंपाकघरात फिरकू दिलं नाही. स्वयंपाक काय, कधीही शिकता येतो, तू अभ्यास कर, हे माझं रोजचं पालुपद. त्याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. ती डॉक्टरकी शिकायला बांगलादेशात गेली तेव्हा मी तिच्या बॅगेत तूरडाळ आणि वाळलेल्या मिरच्यांची पुरचुंडी कोंबली. याचं मी काय करू, असं ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

ती तिसऱ्या वर्षाला असताना तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, नेट बंद पडलं. साधा फोन लागला तर लागला. तिचं भारतीय मुलींचं होस्टेल अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे बाहेर अश्रुधूर सोडला की तो सरळ खोल्यांत शिरायचा. मुलींनी खिडक्या घट्ट लावून फटींत ओली फडकी कोंबली होती. हे तिनंच मला सांगितलं होतं, आणि ऐन वेळी मीच ते विसरले.

रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"आई, मेसवाले येऊनच नाही राह्यले. आमी बिस्किटं खाऊन राह्यलो. वरणफळं कशी करतात?"

"बाहेर गोळ्या चालून राह्यल्या, अन् तुला फळं पायजे?"

"म्हणूनच तं पायजे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मी थट्टा तिथेच आवरली.

तोंडानं सांगायला गेले तर मला सांगताच येईना. मीठ किती, पाणी किती, हे माझ्या हाताला ठाऊक. म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि इकडे मीही कुकर लावला. तिच्याकडे विजेची शेगडी होती, मी कोंबलेली पुरचुंडी अजून तशीच होती, कणीक कुठूनशी उसनी आणली होती. डाळ शिजली. कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापले आणि उकळत्या वरणात सोडले. तिच्या खोलीतल्या दोघी मैत्रिणी मागे हसत होत्या. मधूनच लांबून धाड असा आवाज यायचा आणि तिघी गप्प व्हायच्या. मग मी वर्गात विचारते तसं दरडावून विचारायची, "पुढे काय केलं?"

फळं शिजली. माझी अजून शिजत होती, पण तिची झाली, म्हणून मी म्हटलं, "आता फोडणी. तेल चांगलं तापू दे, मिरच्या टाक. लाल असताना काढू नको, काळ्या होऊ दे."

"लय धूर होऊन राह्यला, आई."

"होऊ दे. घाबरते काऊन?"

ती खोकली. मग मैत्रिणी खोकल्या. मग खोलीबाहेर कोणीतरी हिंदीत किंचाळलं, "गॅस छोड़ा! अंदर गॅस छोड़ा, भागो!" दारं आपटली, जिन्यावरून पळणारे पाय ऐकू आले, आणि फोन बंद झाला.

आमचे हे तहसील कचेरीत कारकून आहेत. मोक्यावर जाऊन पाहिल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाहीत. ते म्हणाले, "अश्रुधुरानं माणूस मरत नाही." मी म्हटलं, "पंचनामा नंतर करा, फोन लावा." ते लावत राहिले, मीही लावत राहिले. टीव्हीवर तीच एक जळकी बस पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी तिला तिकडे पाठवायलाच नको होतं, असं पहिल्यांदा वाटलं.

दुपार झाली तरी माझ्या पातेल्यातली फळं बिनफोडणीचीच होती. हाताला काही काम हवं म्हणून मी कढल्यात तेल तापवलं, मिरच्या टाकल्या. त्या काळ्या पडल्या तशी शेजारीण खोकली आणि भिंतीपलीकडून म्हणाली, "काय जाळून राह्यली व मास्तरीण? जीव घेतं का आमचा?"

मी कढलं हातात धरून तशीच उभी राहिले. बंद खिडक्या. फटींतली ओली फडकी. तिथे गॅस कोणी सोडलाच नव्हता, तो मी सोडला होता.

आधी हसूच फुटलं. मग ध्यानात आलं. गॅस आला म्हटल्यावर त्या पोरी पळाल्या असतील, आणि पळून जाणार कुठे, तर बाहेर. बाहेर संचारबंदी, बाहेर बंदुका. मी गॅस बंद केला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. ते फोन घेऊन फाटकापाशी जाऊन बसले.

दिवस मावळायच्या सुमाराला माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. कोणाचा तरी फोन मागून ती बोलत होती, तिच्या फोनवरून दिवसभर लाइनच लागली नव्हती.

"आई, आमी सगळ्या बऱ्या आहो."

सगळ्या मजल्यांवरच्या मुली खाली धावल्या होत्या. गेटला कुलूप होतं. त्यांनी गेट हलवलं, वॉचमनला शिव्या घातल्या. तो हात जोडत होता पण कुलूप काढत नव्हता, कारण गेटच्या पलीकडेच शिपाई बंदुका रोखून उभे होते. "त्यानं उघडलं असतं ना आई, तं..." ती म्हणाली.

मग आमच्या जवळच्याच निर्मल गावच्या एका सिनिअर मुलीनं नाक वर करून हवा हुंगली आणि तेलुगूत म्हणाली, "इदी तालिंपु कदा?" ही तर फोडणी आहे.

"मग?"

"मग काय, सगळ्या रडलो. इतक्या दिवसांत कोणीच रडलं नव्हतं, आई. आज धुराचं निमित्त झालं."

"अन् फळं?"

"खाल्ली. साऱ्याजणींनी घास घास. तुझ्यासारखी नाही झाली."

फोन ठेवला, पोरी बऱ्या आहेत हे यांना खिडकीतूनच ओरडून सांगितलं आणि कढलं पुन्हा गॅसवर चढवलं. मिरच्या कोळसा झाल्या होत्या, त्या काढून नव्या टाकल्या. शेजारीण खोकली. मी पदरानं डोळे पुसले. ठसका लागला होता म्हणायला हरकत नव्हती.

ताट वाढून बाहेर नेलं. आमचे हे अजून फाटकापाशीच बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. तिथवर आमच्या फोडणीचा धूर जात नाही. तरी त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांच्या हातात ताट दिलं आणि बाजूला बसले.