मी पास केलेली फाइल

ती नागपूरची. आमच्या गुडगावच्या ऑफिसात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. माझी तिथे आठ वर्षं झाली होती. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. ती मला दादा म्हणायची आणि मी तिच्यावर जळायचो. टीम लीडची जागा रिकामी होती. साहेबांच्या डोळ्यांपुढे आता मी नाही, ती आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मानेसरच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या बसच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. त्याचे जुने, मीच लिहिलेले जावास्क्रिप्ट कंपोनंट, म्हणजे पानाचे सुटे भाग, 'क्लास' या नव्या पद्धतीच्या कोडमध्ये बदलायचे होते. मी दोन करेपर्यंत ती पाच उरकायची. वर माझ्या जुन्या कोडचं कौतुक करायची, ते तर अगदी झोंबायचं.

एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून पास करायचं, अशी पद्धत होती. तिच्या शेवटच्या फाइलमध्ये मला चूक दिसली. कंपोनंट उघडताना त्याची सुरुवातीची स्थिती काय असावी, हे जुन्या पद्धतीत एक वेगळं फंक्शन सांगायचं. क्लासमध्ये ती कन्स्ट्रक्टर नावाच्या, सगळ्यात आधी चालणाऱ्या भागात लिहावी लागते. तिने जुनं फंक्शन तसंच ठेवलं होतं, आणि क्लासमध्ये त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे 'बस बदला' हे बटण दाबून तो कंपोनंट उघडला की पान कोरं. दोन ओळींची दुरुस्ती होती. ती शेजारीच बसली होती. मी पास केलं आणि चहाला गेलो.

मानेसरला कारखान्यात झालेल्या डेमोत तिथल्या मॅनेजरने नेमकं तेच बटण दाबलं. स्क्रीन पांढरी फटक. मला आतून गुदगुल्या झाल्या.

मग साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ये पास किसने किया था?"

पास मीच केलं होतं. ती चटकन म्हणाली, "सर, गलती मेरी है. मैंने ही जल्दी मचा रखी थी."

तिने कसलीही घाई केली नव्हती. दहा मिनिटांत तिने तिथेच ते दुरुस्तही केलं.

परतताना कॅबमध्ये मी विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"सोडा ना, दादा. नजरेतून सुटतं कुणाच्याही."

सुटलं नव्हतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभरात ती लीड झाली. जागा तिचीच होती, हे मला त्या कॅबमध्येच कळलं होतं. तरी तिच्या हातून पेढा घेताना मी जळलोच.