शहादेव सरांची तांब्याची भट्टी

आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे शहादेव सर दहावीला विज्ञान शिकवतात. २०१८च्या कोरड्या भादव्यात ते औरंगाबादला पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आले. दगडातून धातू काढायचा, तोही आपल्या हातानं. परतले ते भुवया जाळून, पिशवीत हिरवे दगड घेऊन.

मी विचारलं, "काय सर, सोनं काढायला शिकलात काय?"

"तांबं!" सर हसले. "वीस वर्षं पुस्तकातून वाचून दाखवलं, डोळ्यानं आत्ता पाहिलं."

मग लोहाराचा भाता मागून आणला, शाळेमागं भट्टी रचली. चिखलाला पाणी कुठलं? टँकरमधला स्वतःच्या अंघोळीचा वाटा. चार दिवस मी त्यांच्याजवळून नाक धरून जायचो. सर चिडायचे नाहीत. त्यांना घाई होती. वर्गातल्या एक्केचाळीस पोरांपैकी तीस दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार. त्याआधी दाखवायचं होतं. शिवकन्या नावाची पोरगी रोज विचारायची, "सर, आज पेटवायची का?"

पण शाळा साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची. तिथं नवा माठ ठेवला तरी नारळ त्यांच्याच हातचा. हेडमास्तर म्हणाले, "साहेबांच्या आधी काडी लावू नका." तारीख मिळाली, पण त्याच दिवशी कारखान्याचा बॉयलर पेटवायचा होता. दुसरी तारीख गाळपाची पहिली मोळी टाकण्यात गेली.

"सर, काडी तुमच्या खिशात हाय, पेटवा की!" मी डिवचलं.

"तुमचं काय जातंय? नोकरी माझी हाय."

मोळी पडली त्याच आठवड्यात मुकादमांचे ट्रक तोडणीच्या मजुरांनी भरले. शिवकन्या तिकडं कराडकडं उसाच्या फडावर गेली.

दिवाळीनंतर साहेब आले. वर्ग रिकामा दिसू नये म्हणून सातवीची पोरं आणून बसवली. साहेबांनी काडी लावली, फोटो निघाला, गाडी गेली. तांबं निघायला दीड तास लागतो. तोवर शाळाच सुटली. सरांनी भट्टीतलं मातीचं भांडं, म्हणजे मूस, उलटी केली, तर राखेतून हरभऱ्याएवढा लाल मणी घरंगळला. बघायला फक्त मी.

प्रशिक्षणवाल्यांना अहवाल पाठवायचा होता. सरांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन लिहिलं : 'एक्केचाळीस विद्यार्थ्यांनी प्रयोग प्रत्यक्ष पाहिला.'

"सर, शिवकन्या तर कराडकडं हाय."

"गप बसा हो," सर म्हणाले, आणि खाली सही केली.