बोटीला मागचं दार नसतं

मालवणला जायचं ठरलं तेव्हा अख्खी बोट फक्त आपल्यासाठी घ्यायची, हा हट्ट माझा होता. मैत्रिणीला वाटलं, ही बुजरी आहे, अनोळखी लोकांसमोर ओल्या कपड्यांत वावरायला लाजत असणार. मी तिला तसंच वाटू दिलं. खरं कारण तिची आई होती. मला त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. तो मुलीच्या देखत विचारायचा होता, आणि अशा जागी विचारायचा होता जिथून त्यांना उठून जाता येणार नाही.

मी त्यांना काकू म्हणते. हिंगोलीत त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून होतं. माझे वडील हिंगोलीजवळच्याच गोरेगावच्या शाळेत शिक्षक, रोज सकाळी जीपने जायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स. गावातल्या इंग्रजी शाळेत मी पाचवीत आले आणि काकूंच्या मुलीशेजारी बसायला लागले. शाळा सुटल्यावर आईची ड्यूटी संपेपर्यंत मी त्यांच्याच घरी थांबायचे. आम्ही बौद्ध आहोत हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा ते काय अर्थ लावतात, ते मला माहीत नव्हतं.

काकू प्रेमळ होत्या. माझे केस सुटले तर वेणी घालून द्यायच्या. खायला द्यायच्या ते मैत्रिणीला ताटलीत आणि मला वर्तमानपत्राच्या कागदावर. मला कागदच आवडायचा, सहलीला आल्यासारखं वाटायचं. त्यांच्या घरच्या सगळ्या भांड्यांवर काकांचं नाव घातलेलं होतं. एकाच पेल्यावर नव्हतं. तो मागच्या दाराजवळच्या खिडकीत पालथा असायचा आणि मला पाणी त्यातूनच मिळायचं. पिऊन झालं की मीच विसळून तो परत खिडकीत ठेवायचे. काकूंनी पहिल्याच दिवशी तसं शिकवलं होतं.

शाळेत इंग्रजी बोलण्याच्या तासाला उभं राहून आपल्या मैत्रिणीबद्दल चार वाक्यं सांगायची होती. मी सांगितलं की माझ्या मैत्रिणीच्या घरी माझ्यासाठी एक स्पेशल ग्लास आहे, त्यातून दुसरं कुणी पीत नाही. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग गुड म्हणाल्या. मैत्रीण खाली बघून बाकाचा कोपरा नखाने खरवडत होती. घरी येऊन मी हेच आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. उद्यापासून पाण्याची बाटली घेऊन जात जा, एवढंच ती म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही.

मी बाटली न्यायला लागले. काकूंच्या ते लगेच लक्षात आलं. घरात पाहुण्या बायका बसलेल्या असताना त्या मला म्हणाल्या, "काहून गं, आमच्या घरचं पाणी गोड न्हाई लागून राहिलं का तुला?" बायका हसल्या. मैत्रीणही हसली. मी पण हसले, कारण काय करायचं ते सुचलं नाही.

आठवीत असताना एकदा मी मागच्या दाराने आत येत होते. भांडी घासायला येणाऱ्या मावशी उंबऱ्याबाहेर बसून पाणी पीत होत्या, त्याच पेल्यातून. या मावशी आमच्या वस्तीतल्या, आईच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांनी पाणी संपवलं, पेला विसळला आणि मी ठेवायचे तसाच पालथा ठेवला. तेव्हा मला कळलं की तो पेला माझा नव्हता. आमचा होता.

त्या दिवसापासून मी विचार करायला लागले की काकूंना हे कधी आणि कसं विचारायचं. मनातल्या मनात खूपदा विचारलं, मराठीत आणि इंग्रजीतही. पण काकूंची एक सवय होती. नको तो विषय निघाला की गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून त्या आत जायच्या आणि मागच्या दाराने थेट शेजारी पोचायच्या. दहावी झाली, नांदेडला इंजिनिअरिंग झालं, दोघींना पुण्यात नोकरी लागली, एका खोलीत राहायला लागलो. मी काही बोलले नाही. मी कमी बोलते, त्यामुळे माझ्या मनात काही नाही असं लोकांना वाटतं. त्याचा मला उपयोगच झाला आहे.

मग मैत्रिणीचं लग्न ठरलं. आईने अजून समुद्र पाहिला नाही, लग्नाआधी तिला दाखवायचा, असं तिच्या मनात होतं. सगळं ठरवायचं काम तिने माझ्यावर सोपवलं, कारण मी नीट करते. मी फोन करून बोट ठरवली. सकाळी डॉल्फिन दाखवायचे, मग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग. काकू हिंगोलीहून पुण्याला आल्या आणि आम्ही तिघी रात्रीच्या गाडीने मालवणला गेलो.

किनाऱ्यावर काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता आणि त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. फोटो काढा पण हिंगोलीत कुणाला दाखवू नका, अशी त्यांनी आम्हाला ताकीद दिली. बोटीवर एक बोटवाला आणि एक पाण्यात उतरवणारा गाइड, दोघेही आपापल्या कामात. काकू मधल्या फळीवर मुलीचा हात घट्ट धरून बसल्या. किनारा मागे पडला तशी मी आजूबाजूला बघितलं. समोर पाणी, मागे पाणी. बोटीला मागचं दार नसतं.

डॉल्फिन लवकर दिसले. बोटवाल्याने इंजिन बारीक केलं आणि डाव्या अंगाला करड्या, तुकतुकीत पाठी वर आल्या, वाकल्या, गेल्या. उड्या वगैरे काही नाही. मैत्रीण कॅमेरा चालू करेपर्यंत पाणी सपाट झालेलं असायचं.

"डोहात म्हशी बसल्या म्हंजे अशाच पाठी दिसतेत," काकू म्हणाल्या. "याच्यासाठी एवढ्या लांब आणलं व्हय?"

मला हसू आलं. माझी इच्छा नव्हती, पण आलं. काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्या अशाच आहेत. त्यांच्यावर राग धरून ठेवायला कष्ट पडतात, आणि ते कष्ट मी वर्षानुवर्षं घेतले होते. एका म्हशीसाठी ते सोडून देणार नव्हते.

किल्ल्याच्या मागच्या बाजूला, खडकांजवळ बोट थांबली. इंजिन बंद झालं. गाइडने समजावून सांगितलं की मास्कने नाक बंद होतं, श्वास तोंडातल्या नळीनेच घ्यायचा, नळीचं टोक दातांत पकडून ओठ मिटायचे. घाबरायचं नाही, हवेची रिंग धरून नुसतं पालथं तरंगायचं. त्याच्याकडे त्या दिवशी एकच नळी बरी होती, दुसरीचं रबर फाटलं होतं. एकेकीने उतरा, म्हणाला. मैत्रीण नाहीच म्हणाली, तिला वरूनच भीती वाटत होती. मी आधी उतरले.

खाली काय दिसलं ते मी थोडक्यात सांगते, कारण माझं लक्ष तिथे नव्हतं. पिवळे मासे होते, काळ्या पट्ट्यांचे होते, खडकाच्या फटीतून एखादा निळा यायचा आणि परत जायचा. कानात स्वतःच्या श्वासाचाच मोठा आवाज येत होता. तोंडात ते रबराचं टोक होतं आणि मी विचार करत होते, आता हे काकूंच्या तोंडात जाणार. हे मी ठरवलं नव्हतं. मी फक्त बोट ठरवली होती. पण आलंय तर सोडायचं नाही, असं तिथे पाण्यातच पक्कं केलं.

मी वर आले. तोंडातली नळी काढून गाइडच्या हातात दिली, काकू बघत असताना. त्याने ती समुद्रातच बुचकळली आणि काकूंपुढे धरली.

काकूंनी घेतली नाही. भाऊ, अजून एकदा धुवा, म्हणाल्या. त्याने धुतली. त्यांनी ओढणीच्या टोकाने ती धरली, टोक पुसलं, उलटसुलट केलं आणि पुन्हा धुवायला दिली. मग दुसरी नाहीच का, म्हणून विचारलं. गाइडने फाटकं रबर दाखवलं. काकू थोडा वेळ त्या नळीकडे बघत राहिल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला कसंतरीच व्हायलंय. मासे काय, वरूनबी दिसतेत."

माझा आवाज मोठा नाही. इंजिन बंद होतं म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

"काकू, या नळीला रोज कितीतरी लोक तोंड लावतात. त्यातल्या एकाचीही जात तुम्ही विचारली नाही. मी लावल्यावरच कसंतरी व्हायलंय का?"

मैत्रीण म्हणाली, "अगं, काय बोलतेयस तू?"

तिला माहीत होतं मी काय बोलतेय. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

"तुमच्या मागच्या खिडकीतला पेला वेगळा का होता, काकू?"

"कोणता पेला?"

"ज्याच्यावर नाव नव्हतं."

काकू हसल्या. पाहुण्यांसमोर हसायच्या तसंच. "अगं माय, तो व्हय. तो तर तुझ्यासाठी नवा आणला होता बाजारातून. घरातल्या पोचे पडलेल्या पेल्यात न्हाई दिलं तुला कधी."

"मग त्यातून भांडेवाल्या मावशी काहून पीत होत्या?"

पुण्यात इतकी वर्षं राहून माझ्या तोंडून 'काहून' आलं. त्यांच्याशी बोलताना तेच बराबर वाटलं.

काकूंचं हसू गेलं. त्या बोटवाल्याकडे बघून थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते सासूबाईंचं होतं सगळं. लई कडक होत्या त्या. त्यांच्यापुढं माझं काय चालत होतं? म्हाताऱ्या माणसाला तकलीफ नको म्हणून करावं लागायचं, बाई. माझ्या मनात तसं कधी काही न्हवतं."

सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, एवढंच; त्या गावाकडच्या घरी राहत असतील असं मी धरून चालले होते. पण त्या कधी गेल्या ते मला माहीत नव्हतं, आणि काकूंनी तेच धरलं होतं. आता त्या सुटणार, असं मला वाटलं.

"मम्मी," मैत्रीण म्हणाली. ती पाण्याकडे बघत होती. "आजी मी दुसरीत असतानाच गेली. ही पाचवीत आली आपल्याकडे."

बोट लाटेबरोबर हलत होती आणि खाली खडकावर पाणी आपटल्याचा आवाज येत होता. काकूंनी आधी मुलीकडे बघितलं, मग किल्ल्याच्या भिंतीकडे, मग आम्ही आलो त्या किनाऱ्याकडे. तो बराच लांब होता. मी त्यांच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. आठवीपासून मला जे बघायचं होतं ते समोर होतं आणि मी ते पुरेपूर बघितलं.

"द्या इकडं," काकू गाइडला म्हणाल्या. मास्क त्यांनी केसांसकट ओढून बसवला. नळी पुन्हा धुवायला दिली नाही. टोक तोंडात घातलं, ओठ मिटले आणि शिडीवरून पाय खाली सोडले. त्यांना मासे बघायचे होते असं मला वाटत नाही. तोंड लपवायला तेवढीच एक जागा उरली होती.

त्या पालथ्या तरंगायला लागल्यावर मैत्रीण माझ्याशी बोलली. तिला लहानपणी कळायचं, पण आईला काय म्हणणार, असं म्हणाली. मी म्हटलं, आज म्हणालीस ना. ती म्हणाली, लग्न तोंडावर आलेलं असताना हे आजच काढायचं होतं का? मी खरं ते सांगितलं. लग्नानंतर ती आणि काकू मला अशा एकत्र सापडल्या नसत्या, आणि काकूंनी नाही म्हटलं असतं तर खरं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे तू मला साक्षीला आणलंस, ती म्हणाली. मी हो म्हटलं. त्यावर ती उठली आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला, शिडीपाशी, टॉवेल घेऊन उभी राहिली. मी तिला थांबवलं नाही. ही किंमत बोट ठरवतानाच मला दिसत होती.

काकू बऱ्याच वेळाने वर आल्या. गाइडने खालून आधार दिला, मुलीने वरून ओढलं. मास्क काढला तेव्हा त्यांच्या गालांवर गोल वळ उठले होते. डोळे लाल होते, समुद्राच्या पाण्यानेही होतात. त्यांनी खारट तोंड पुसलं आणि मुलीला म्हणाल्या, "लई रंग हायेत गं खाली." मुलीने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. मग काकू माझ्याकडे वळल्या.

"झालं का तुझं समाधान?"

अशा वेळी शहाण्या माणसाने हो म्हणावं, किंवा काहीच म्हणू नये. मी नाही म्हटलं. थोडं राहिलंय, म्हटलं.

गाइड परत निघायची तयारी करत होता. मी त्याला सांगितलं की बोट आमच्यासाठीच आहे आणि वेळ उरला आहे, मला अजून एकदा उतरायचंय. त्याने काकूंच्या हातातला मास्क आणि नळी घेऊन माझ्याकडे दिली. मी बोटीच्या काठावर बसले, काकूंना नीट दिसेल अशी. नळी पाण्यात बुडवली आणि टोक अंगठ्याने चोळून धुतलं. वर काढून उन्हात धरून बघितलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. ओढणी नव्हती म्हणून कुर्त्याच्या कडेने पुसलं. काकू बघत होत्या. मैत्रीणही बघत होती, आणि तिने आईचा हात हातात घेतला होता. मी आणखी एकदा धुतलं, कारण माझ्यानंतर ती तेवढ्यांदाच धुतली गेली होती.

मग मी नळी दातांत धरली, ओठ मिटले आणि पाण्यात उतरले. या वेळी मी मासे बघितले. वर कुणी हाक मारत होतं की नाही ते कळलं नाही, कानात फक्त माझाच श्वास होता.