किर्स्टीनाची पायरी

व्हिगो नोर्बी हा डेन्मार्कमधल्या मॉर्स बेटावरचा गवंडी. बेटावरच्या निम्म्याअधिक गोठ्यांच्या विटा त्याच्या हाताखालून गेलेल्या. बोलणं ओळंब्यासारखं, सरळ आणि मोजकं. सत्तरी उलटल्यावर त्याने थापी खाली ठेवली आणि त्याच वर्षी त्याची बायको इंगर गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून घरात आवाज रेडिओचा आणि बोलणं फक्त शेजारणीशी, गुडरूनशी. ती चर्चच्या दफनभूमीची माळीण. व्हिगोला दोन टोमणे मारल्याशिवाय तिला सकाळची कॉफी गोड लागत नसे.

अशा या घरी जूनमध्ये अमेरिकेहून पाहुणे येणार होते. व्हिगोचा थोरला काका नील्स तरुणपणी मिनेसोटाला गेला, तो परत आलाच नाही. त्याची नात लोरेन, तिचा नवरा वेन आणि मुलगी टेसा युरोप बघायला निघाली होती. एडिंबराचा किल्ला, पॅरिस, कोलोन, मग कोपनहेगन आणि सगळ्यात शेवटी आजोबांचं गाव. रक्ताचं म्हणावं असं व्हिगोला जगात आता एवढंच उरलं होतं.

"निशाण चढवलंस, खिडक्या पुसल्यास, दाढीसुद्धा केलीस!" गुडरून कुंपणावरून म्हणाली. "राणी येतेय का रे?"

"पुतणी येतेय."

"मग केक मी आणते. तुझ्या हातचा खाल्ला तर मिळेल त्या विमानाने परत जाईल बिचारी."

"त्यांना एक गंमत दाखवणार आहे मी," व्हिगो म्हणाला.

गुडरूनचा चेहरा बदलला. "पायरीची? व्हिगो, ते आल्या आल्या सांगून टाक. परकी माणसं आहेत."

"आधी कॉफी, मग चर्च, मग गंमत," व्हिगो म्हणाला. एकदा दोरी लावली की तो रेघ बदलत नसे.

पाहुणे दुपारी आले. लोरेन गाडीतून उतरली ती थेट "व्हिगोकाका!" म्हणत गळ्यातच पडली. इतकं घट्ट कुणी धरल्याला बरीच वर्षं झाली होती. हात कुठे ठेवायचे ते व्हिगोला कळेना. तरुणपणी ग्रीनलंडच्या अमेरिकन तळावर बांधकाम केल्यामुळे इंग्रजी मात्र त्याला जमत होतं. त्याने सगळ्यांना मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत घेतलं. पुढचं दार पाद्री आले तरच उघडायचं. टेसाचे बूट चिखलाने भरले होते. तिने ते दाराच्या पायरीवर नीट खरडून पुसले. शहाणी मुलगी, व्हिगोला वाटलं.

टेबलावर त्याच्या आईचे निळ्या फुलांचे कप मांडले होते. बशा सहा आणि कप पाच. सहाव्या बशीत साखर.

"एक कप फुटला का?" टेसाने विचारलं.

"हरवला. मी घरभर शोधला. इंगर शेवटपर्यंत म्हणत राहिली, तुझ्या आईने पाचच दिले होते, तिला मोजता येत नव्हतं."

"आणि तुमची आई?"

"आई मरेपर्यंत म्हणाली, सहा."

सगळे हसले. मग लोरेनने पर्समधून कापडी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "ही बाबांच्या थडग्यावरची माती. त्यांना हे गाव कधी बघायला मिळालं नाही. जाताना एकच मागणं होतं त्यांचं, माझी मूठभर माती आजीच्या थडग्याच्या दगडापाशी नेऊन ठेव. काका, मी तिकडे शब्द दिलाय. सगळा प्रवास खरं तर याच्यासाठी."

आजीच्या दगडापाशी! ती व्हिगोचीही आजी. व्हिगो मनात खूश झाला. दगडच तर दाखवायचा होता.

कॉफी झाल्यावर सगळे चर्चच्या दफनभूमीत गेले. गुडरूनही आली. कापलेली कुंपणं, दाताळ्याने ओढलेली खडी, फुलांचे ताटवे. व्हिगो एका ताटव्यापाशी थांबला. "हे बघा. इथे."

लोरेन गुडघ्यावर बसली, पुरचुंडीची गाठ सोडायला लागली आणि मग तिची नजर दगडावरच्या नावाकडे गेली.

"पोल क्रोह? हे कोण?"

"पोल. दुधाच्या डेअरीत होता. फार चांगला माणूस."

"पण माझी पणजी कुठे आहे?"

"इथेच होती," व्हिगो म्हणाला. "मुदत संपली."

लोरेनचा हात गाठीवरच थांबला. "कसली मुदत?"

"जागेची. माझे वडील होते तोवर त्यांनी वाढवून घेतली. मग किती वाढवणार? जागा पुढच्याला लागते."

"थडग्याला मुदत?" वेनचा आवाज चढला. "म्हणजे माणसाला उठवता तुम्ही?"

"उठवत कुणी नाही हो," गुडरून घाईने म्हणाली. "इतक्या वर्षांनी उठवण्यासारखं काही राहत नाही. आम्ही फक्त दगड काढतो."

 लोरेन ओरडलीच, "कोलोनच्या चर्चमध्ये संतांची हाडं सोन्याच्या पेटीत ठेवलीयत! परवा तुमच्या रॉसकिल्डच्या चर्चमध्ये बघितलं, राजे न् राण्या ओळीने झोपल्यात. त्यांची नाही का संपत मुदत?"

"त्यांच्याकडे जागा मोठी आहे," व्हिगो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण टेसाने तोंडावर हात दाबला आणि आपण काहीतरी भयंकर बोललो हे त्याला उमगलं.

लोरेन उठली. गुडघ्यांवरची माती झटकायचंही तिला सुचलं नाही. "आणि काकू? तुमची इंगर? तिची तरी आहे का जागा?"

व्हिगोने पलीकडच्या हिरवळीकडे बोट केलं. एकही दगड नसलेली, बारीक कापलेली हिरवळ. "तिथे."

"तिथे कुठे?"

"त्या गवतात कुठेतरी. ज्यांना नाव नको असतं त्यांची राख तिथे पुरतात. नेमकी जागा घरच्यांना सांगत नाहीत. तिला तसंच हवं होतं."

"कुठेतरी?" लोरेन हळू आवाजात म्हणाली.

हे वाक्य व्हिगोने आजवर पुष्कळांना सांगितलं होतं. गावात त्यावर कुणी पापणी हलवली नव्हती. आज त्या बाईच्या तोंडून तो एकच शब्द परत आला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. कुठेतरी. चाळीस वर्षं संसार केलेली बायको, आणि कुठेतरी. त्याने गुडरूनकडे पाहिलं. तिला जागा ठाऊक असणार. त्याने कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही ती बुटांच्या टोकांकडे बघत राहिली.

"मग तिचा दगड?" वेनने विचारलं. "तोही टाकून दिला?"

"नाही!" व्हिगो एकदम म्हणाला. "दगड माझ्याकडे आहे."

लोरेनच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "खरंच? कुठे?"

"घरी. चला."

वाटेत तिने त्याचा हात धरला होता. गुडरून मागून हळूच म्हणाली, "व्हिगो, अजून वेळ आहे, आधी नीट सांग," पण तोवर फाटक आलं. व्हिगो मागच्या दाराशी गेला आणि त्याने खाली बोट दाखवलं. पायरीवर टेसाच्या बुटांचा चिखल तसाच होता.

 निशाणाची दोरी काठीवर आपटत होती.

"आई," टेसा रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी तिच्यावर पाय पुसले."

लोरेनने व्हिगोचा हात सोडला आणि ती पुरचुंडी छातीशी धरून तडक गाडीत जाऊन बसली. वेन किल्ली काढत तिच्यामागे निघाला.

व्हिगो जागच्या जागी थिजला. गाडी फाटकाबाहेर पडली की ही माणसं पुन्हा येणार नाहीत, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"उभा काय राहिलास खांबासारखा?" गुडरूनने त्याला ढकललं. "जा! आता तरी सगळं बोल."

तो गाडीच्या खिडकीपाशी गेला. आयुष्यात बोलला नव्हता इतकं एका दमात बोलला. "काढलेले दगड फोडून रस्त्यात घालतात गं. मला ते बघवेना, म्हणून मी मागून आणला. इंगर म्हणाली, आजी सुईण होती, या घरात जो येईल तो पहिल्यांदा तिच्या हातात येऊ दे. म्हणून दाराशी. अवमान करायचा नव्हता. आम्हाला वाटलं, ती घरी आली."

लोरेन समोरच्या काचेकडेच बघत होती. वेनने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"नाव आहे त्याच्यावर?" तिने शेवटी विचारलं.

"खालच्या अंगाला. मी तोंड खाली केलंय."

"मला बघायचंय."

पहार आली, लोखंडी नळ्या आल्या. वेन अजून घुश्शातच होता, पण त्याने खांदा दिला. दगड कण्हल्यासारखा आवाज करत उठला आणि भिंतीला टेकला. गुडरूनने ओल्या फडक्याने वाळू पुसली. किर्स्टीना नोर्बी. सुईण. इतकी वर्षं ना पाऊस लागला ना शेवाळ. अक्षरं काल कोरल्यासारखी. लोरेन एकेक अक्षरावरून बोट फिरवत रडायला लागली.

"इथे खाली काहीतरी आहे," टेसा म्हणाली.

दगडाखालच्या वाळूत काहीतरी निळं चमकत होतं. तिने उकरलं. चिनी मातीचे तुकडे, एकात एक नीट रचलेले, वर कपाचा कान. निळी फुलं.

व्हिगोने तो कान ओळखला. दगड बसवला तो दिवस डोळ्यांसमोर आला. तो दुसरी पहार मागायला शेजारी गेला होता. परत येऊन बघतो तर इंगरने वाळू सपाट करून ठेवलेली. "शोभतेस गवंड्याची बायको," तो कौतुकाने म्हणाला होता, आणि ती नको तितकी हसली होती.

"सहा होते," त्याने कसंबसं म्हटलं. "आई खरं बोलत होती."

"अगं इंगर!" गुडरूनला हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं, कारण व्हिगो वाळूत बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते कुणालाच कळेना. लोरेन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"ही काकूची करामत?"

"खोटारडी," व्हिगो म्हणाला. "पक्की खोटारडी." तुकड्यांवरची वाळू तो एका बोटाने पुसत राहिला.

मग लोरेनने पुरचुंडी सोडली. काळी माती वाळूच्या खळग्यात पडली. व्हिगोने तिच्याशेजारी कपाचे तुकडे होते तसे परत रचले; कान तेवढा खिशात ठेवला.

"दगड कसा बसवू?" त्याने विचारलं. "नाव वर?"

लोरेनने डोळे पुसले. "नको. अक्षरं झिजतील. होता तसाच."

दगड पुन्हा जागेवर बसला. व्हिगोने ओळंबा-पातळी न लावता नुसत्या तळव्याने तो जोखला. काम झालं, पण कुणी आत जाईना. पाचही माणसं दारासमोर उभी, आणि पायरीवर पाऊल टाकायचा धीर कुणालाच होत नव्हता.

शेवटी लोरेनने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पायाने पायरी चढून आत गेली. मागून वेन, टेसा, गुडरून. व्हिगो शेवटी उरला. या दाराने तो जन्मभर लाकडी तळव्यांच्या बुटांसकट आत-बाहेर करत आला होता. त्याने ते काढून भिंतीशी ठेवले. दगड पायाला गार लागला.

आत जाऊन त्याने कपाचा कान सहाव्या बशीत, साखरेवर ठेवला.