डावीकडचा ब्रेक

माझ्या नवऱ्याला झटका आला तेव्हा तो गाडीत नव्हता, हे लोक मला दिलासा म्हणून सांगत. तो बेसिनसमोर दाढी करत होता. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, आणि काही महिन्यांत दोन्ही बऱ्यापैकी परत आलं. तो चालू लागला, आपल्या हाताने जेवू लागला, शर्टाची बटणं लावू लागला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी हो म्हटलं आणि औषधं आणायला खाली गेले.

शिवाजी पेठेत आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक छोटी गाडी. टेबल माझं, गाडी त्याची. पेठेतल्या कितीतरी बायका त्याच्याकडे शिकल्या. शिकणारी उजवीकडे स्टिअरिंगवर बसायची, तो तिच्या डावीकडे. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक असतो. तो दाबला की तारेने जोडलेलं उजवीकडचं पेडलही आपोआप खाली जातं. बाई घाबरून डोळे मिटायची, तोवर गाडी थांबलेली असायची. तोंडाचा पट्टा मात्र त्याचा चालूच. "वैनी, म्हस हाय ती, तुमची जाऊ न्हवं! थेट अंगावर काय घालताय?" बाई हसायची, म्हैस निघून जायची, आणि पुन्हा पहिला गिअर.

आजारपणात गाडीवर कव्हर चढलं. फोन येत राहिले. शिरोळकडून लग्न होऊन आलेली एक मुलगी तर दर आठवड्याला विचारायची, "सर कधीपासून येणार?" मी म्हणायचे, येतील. दुसरा मास्तर ठेवूया का, असं मी एकदा जेवताना विचारून पाहिलं.

"माझ्या सीटवर?" तो म्हणाला. अर्धं ताट तसंच सारून तो हात धुवायला उठला.

त्याला ती सीट परत हवी होती. तिथे बसणाऱ्याचं खरं काम एकच असतं. शिकणाऱ्याचा पाय गोंधळला की आपला पाय वेळेत पडला पाहिजे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, गल्लीतून चेंडूमागे पळत येणारी पोरं असतात. तिथे पाय वेळेत पडतो की नाही, हे कुणीतरी बघायला हवं होतं.

व्यायाम घ्यायला येणारी फिजिओथेरपीची मुलगी त्याचीच शिष्या निघाली. गारगोटीची, नोकरीसाठी कोल्हापुरात राहणारी. दारातूनच ओरडायची, "सर, आलो मी! आता तुमचा क्लास!" तिने फूटपट्टीचा व्यायाम सुरू केला. ती पट्टी उभी धरून अचानक सोडायची, त्याने दोन बोटांत पकडायची. सुरुवातीला पट्टी सरळ फरशीवर. मग टोकाला धरता यायला लागली, मग मध्यावर. पायासाठी त्याच्यासमोर पाट ठेवला. मी कामं करता करता कधीही "ब्रेक!" म्हणायचं आणि त्याने पाटावर पाय आपटायचा. मी फोडणीत मोहरी टाकताना ओरडायचे, धुणं पिळताना ओरडायचे. बाहेरून धाड आवाज यायचा. दिवसेंदिवस तो लवकर यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, "भांडताय काय गं दोघं?"

तो खूश होता. मुलगी मात्र एकदा चप्पल घालता घालता म्हणाली, "सर, खुर्चीत बसून तुम्ही काकूंच्या आवाजाची वाटच बघत असता. रस्त्यावर कोण सांगून येतंय?"

"मग काढ की गाडी," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं शहराबाहेरच्या माळावर गेलो. तिथला कच्चा रस्ता रिकामा असतो. मुलीने टीव्हीचं रिकामं खोकं आणलं होतं. त्याला दोरी बांधून ती रस्त्याच्या एका बाजूला पडक्या भिंतीआड उभी राहिली, खोकं दुसऱ्या बाजूच्या झुडपात. मनात येईल तेव्हा ती दोरी ओढणार, खोकं गाडीपुढे येणार. लायसन माझ्याकडेही होतं, लग्नानंतर त्यानेच शिकवलं होतं; तेव्हा मी गाडी चालवायची आणि काहीही झालं तरी ब्रेक लावायचा नाही. तो त्याने लावायचा.

खोकं आलं. गाडी अलीकडेच थांबली.

"बघ!" त्याने मांडीवर थाप मारली. "थांबली का न्हाय?"

मी खाली पाहिलं. माझा पाय ब्रेकवर होता.

"मी पण दाबला वाटतं," मी म्हटलं.

"तू कशाला दाबलीस? दाबायचा न्हाय म्हणून ठरलंय न्हवं?"

"मुद्दाम नाही दाबला."

पुन्हा केलं. पुन्हा माझा पाय. तिसऱ्या वेळी मी पाय वर उचलून धरायचा असं ठरवलं होतं, आणि खोकं हललेलं दिसताच तो गेलाच. गाडी प्रत्येक वेळी थांबली. कुणी थांबवली ते मात्र आमच्यापैकी कुणालाच छातीठोक सांगता येईना. तो चिडला. "आयुष्यभर टेबलावर बसलीस आणि आज माझ्या ब्रेकवर पाय ठेवालीस होय?"

मुलगी भिंतीआडून आली. म्हणाली, "काकू, दुसऱ्या गिअरला टाका. गाडी ॲक्सिलरेटरशिवायच चालत राहते. दोन्ही पाय मागं घ्या, पार सीटखाली. आणि रस्त्याकडं बघूच नका. पेडलकडं बघा. सरांनी दाबला की ते खाली जाईल."

मी तसं केलं. चपला काढून ठेवल्या, पाय सीटखाली ओढून घेतले, हाताने स्टिअरिंग सरळ धरलं. गाडी सावकाश निघाली. मान खाली घालून मी त्या पेडलकडे बघत होते. रबर झिजून गुळगुळीत झालेलं, मधे थोडी वाळू. इतक्या वर्षांत मी ते कधी नीट पाहिलं नव्हतं.

भिंतीमागून दोरी ओढल्याचा खरखर आवाज आला. पेडल हललं नाही. मी बघतच राहिले. पेडल तसंच होतं. मग पुढे धप्प झालं, पुठ्ठा चिरडत घासत गेला, आणि त्यानंतर पेडल पूर्ण खाली गेलं. जोरात, भरपूर ताकदीने. गाडी आचका देऊन बंद पडली.

"थांबली का न्हाय?" तो म्हणाला.

मी पेडलवरून मान वर केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर. त्याच्या चेहऱ्यावरून मला समजलं की त्याच्या हिशेबाने पाय वेळेवरच पडला होता. उशीर त्याला जाणवलाच नव्हता. तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

तो दार उघडून खाली उतरला आणि वाकून बंपरखाली पाहू लागला. मुलगी पळत आली. तिचे डोळे भरले होते.

"सर, माझं चुकलं. मी दोरी लवकर ओढलो. परत करूया, एकदाच."

"न्हाय." त्याने खोकं ओढून बाहेर काढलं, पायाने दाबून सपाट केलं. "बरोबर ओढलीस. पोरगं आलं असतं तर असंच आलं असतं."

मी उतरले. काहीतरी बोलायला हवं होतं. सुधारणा आहे, वेळ लागतो, असलं काही. पण मला तसं बोलता येत नाही आणि त्याला ते ऐकता येत नाही. मी त्याच्या हातातून पुठ्ठा घेऊन डिकीत टाकला.

"तुझा पाय लई फास्ट हाय गं," तो म्हणाला. "नको म्हटलं तरी जातोय."

"हं."

"मास्तरकीचं लायसन काढायच्या मागं लाग. त्या शिरोळच्या पोरीला सांग, बाई शिकवणार म्हणून."

"बघू."

"बघू काय? सांग."

मी बरं म्हटलं. परतताना मुलगी मागे बसायला निघाली, तर त्याने तिला खुणेने पुढच्या डाव्या सीटवर पाठवलं आणि स्वतः मागचं दार उघडलं. आपल्याच गाडीत तो मागे कधी बसला नव्हता. मी गाडी सुरू केली. बराच वेळ तो मागे दारावर हात फिरवत काहीतरी चाचपत होता. मग त्याने विचारलं, "अगं, हिकडची काच खाली कशी करायची?"